वारा आधी, जहाजं नंतर: खांदेरीची आरमारी लढाई कॅनव्हासवर कशी उतरवावी

आरमारी लढाईचं चित्र काढायला घेतलं की हात सगळ्यात आधी जहाजाकडे जातो. शिडं, तोफा, झेंडे, मग मागचं आकाश, खालच्या लाटा आणि उरलेल्या जागेत धूर. चित्र पुरं होतं, लोक वाहवाही करतात, तरी काहीतरी खटकत राहतं. नीट पाहिलं तर शिडं उजवीकडे फुगलेली असतात, झेंडे डावीकडे फडकत असतात आणि धूर सरळ वर निघालेला असतो. एका चित्रात तीन वारे! शाळा-कॉलेजांच्या भिंतींवरच्या आणि कॅलेंडरांवरच्या शिवकालीन आरमाराच्या चित्रांत ही चूक इतकी सर्रास दिसते की आता ती कुणाला चूकही वाटत नाही.

जमिनीवरची लढाई माणसं लढतात. शिडांच्या जमान्यातली समुद्रावरची लढाई निम्मी वाराच लढतो. म्हणून चित्राची सुरुवातही वाऱ्यापासूनच करायची. नुसतं तत्त्व सांगून भागणार नाही, म्हणून इथे एकच लढाई घेऊन पायरीपायरीनं जाऊ: खांदेरी, १८ ऑक्टोबर १६७९. माध्यम तैलरंग धरलं आहे. अॅक्रिलिकमध्येही हाच क्रम चालतो, फक्त धुराच्या कडा ओल्या असतानाच मऊ कराव्या लागतात.

घटना समजून घ्या, मग क्षण निवडा

ऑगस्ट १६७९ मध्ये मायनाक भंडारी यांच्या देखरेखीखाली शिवाजी महाराजांच्या माणसांनी खांदेरीवर तटबंदी उभारायला घेतली. अलिबागजवळच्या थळच्या समोरचं हे बेट म्हणजे मुंबईच्या तोंडावरची चौकी. इंग्रजांनी बेटाची नाकेबंदी केली. १८ ऑक्टोबरच्या पहाटे मराठी आरमार किनाऱ्याच्या बाजूनं नाळेवरच्या, म्हणजे जहाजाच्या पुढच्या टोकावरच्या, तोफा झाडत इतक्या वेगानं आलं की इंग्रजांच्या नांगरलेल्या जहाजांना नांगर उचलायलाही जेमतेम वेळ मिळाला. अर्ध्या तासाच्या आत ‘डोव्हर’ या त्यांच्या गुराबेनं (दोन-तीन डोलकाठ्यांच्या लढाऊ जहाजानं) निशाण उतरवून शरणागती दिली, बाकीच्या नावा दूर सरकल्या, आणि ‘रिव्हेंज’ हे एकच मोठं जहाज ताफ्याच्या मधोमध उरलं. इंग्रजांच्या नोंदी सांगतात की त्यावर कॅप्टन मिंचिन आणि केग्विन होते, त्यांनी पाच गलबतं बुडवली आणि मराठी ताफा माघारी फिरला. पुढे १६८० मध्ये तह झाला आणि खांदेरी मराठ्यांकडेच राहिली.

यातला कुठला क्षण रंगवायचा? सगळं एकाच चौकटीत घालायचा मोह टाळा. इंग्रज चित्रकार टर्नरनं १८२२ ते १८२४ या काळात इंग्रज-फ्रेंच आरमारांच्या ट्रफल्गारच्या लढाईचं सुमारे २.६ मीटर उंच आणि ३.७ मीटर रुंद चित्र केलं. त्यात लढाई सुरू होण्याआधीचा इंग्रज सेनापती नेल्सनचा निशाणांचा संदेश आहे, दुपारी एकच्या सुमारास कोसळलेली डोलकाठी आहे, दिवस कलताना पेटलेलं फ्रेंच जहाज आहे आणि दुसऱ्या दिवशी बुडालेलं दुसरं फ्रेंच जहाजही आहे. आरमारातल्या लोकांनी त्या चित्रावर भरपूर तोंडसुख घेतलं. टर्नरला ते पेललं, कारण त्याला घटना सांगायची नव्हती, तिचं ओझं दाखवायचं होतं. आपण टर्नर नाही.

संपूर्ण कथाच सांगायची असेल तर त्यासाठी आपल्याकडे वेगळा घाट आहे. बोरिवलीजवळच्या एकसरच्या वीरगळांवर (वीरांच्या स्मारकशिळांवर) वल्ह्यांच्या रांगा असलेली लढाऊ जहाजं कोरली आहेत. तिथे चौकटी एकावर एक रचलेल्या असतात आणि त्या खालून वर वाचायच्या: खाली लढाई, वर वीराचा स्वर्ग. चार-पाच पट्ट्यांचं चित्र करायचं असेल तर त्या पाथरवटाकडून जरूर शिका. एका चौकटीत मात्र एकच क्षण. आपण तो असा घेऊ: डोव्हरचं निशाण अर्ध्यावर उतरलं आहे, आणि रिव्हेंजची शिडं अजून पुरती सुटलेली नाहीत.

तारीख, सूर्य आणि वारा

आता रंगांकडे न वळता एका कोऱ्या कागदावर वरून दिसणारा नकाशा काढा. उत्तर वर. उजवीकडे थळचा किनारा, डावीकडे खांदेरी, दोन्हींच्या मधे पण किनाऱ्याला जवळ उंदेरी हे दुसरं बेट.

तारखेत एक बारीक खाच आहे. १६७९ मध्ये इंग्रज जुनी ज्युलियन दिनदर्शिका वापरत, म्हणजे त्यांचा १८ ऑक्टोबर आजच्या हिशेबानं २८ ऑक्टोबर. या दिवसांत सूर्य बरोबर पूर्वेला उगवत नाही, थोडा दक्षिणेकडे सरकलेला असतो. नकाशावर सूर्याचा बाण पूर्वेपासून साधारण १४ अंश खाली काढा. पाऊस संपलेला आहे, आकाश धुतलेलं आहे.

आणि वारा. पावसाळ्यानंतरच्या पहाटे कोकण किनाऱ्यावर मतलई वारा असतो, जमिनीकडून समुद्राकडे वाहणारा. खारा वारा उठायला दिवस चढावा लागतो. म्हणजे आपला वारा पूर्वेकडून पश्चिमेकडे. नकाशावर तो ठसठशीत बाणानं दाखवा आणि कागद इझलच्या शेजारी चिकटवा. चित्र संपेपर्यंत तो काढायचा नाही.

या एका बाणातून काय काय निघतं ते पाहा. मराठी ताफ्याला वारा पाठीमागून आहे, म्हणून तो वेगानं येऊ शकला. नांगरलेलं जहाज आपलं नाक वाऱ्याकडे करून उभं राहतं (भरती-ओहोटीचा ओढा जोरदार नसला तर), म्हणून इंग्रजांच्या नाळा किनाऱ्याकडे, म्हणजे हल्ल्याच्याच दिशेला. त्यांना वाऱ्यात सरळ घुसता येणार नाही. चौकोनी शिडांचं जहाज वाऱ्याच्या दिशेपासून साठ-सत्तर अंशांच्या आत जाऊच शकत नाही. हे तपासायला घड्याळाची तबकडी काढा, वारा बाराच्या आकड्यावरून येतो असं धरा, आणि दहा ते दोनच्या मधे नाळ असलेलं एकही चौकोनी शिडाचं जहाज शीड भरून चालताना दाखवू नका. रिव्हेंजला त्यामुळे उत्तरेकडे किंवा दक्षिणेकडे वळावं लागणार, म्हणजे तिची बाजू हल्लेखोरांसमोर येणार. बाजूलाच तोफांची रांग असते.

झेंड्यांचं तर बहुतेक चित्रांत हमखास चुकतं. मोटारसायकलवर लावलेला झेंडा मागे फडफडतो, म्हणून आपण जहाजावरचाही मागे फडकवतो. पण पाठीमागून वारा घेऊन चाललेलं जहाज वाऱ्यापेक्षा हळू असतं. त्याचा झेंडा पुढे, नाळेच्या दिशेला जातो. मराठी गलबतांवरचे भगवे शत्रूकडे झेपावलेले दिसले पाहिजेत. हे भावनेसाठी म्हणत नाही, वाऱ्याचा हिशेबच तसा आहे.

तुमचा डोळा कुठे आहे?

मराठी आरमाराची जी जुनी तैलचित्रं आपण पाहतो ती बहुतेक समोरच्या, म्हणजे शत्रूच्या बाजूनं काढलेली आहेत. डोमिनिक सेरेसनं १७७१ मध्ये रंगवलेलं विजयदुर्गाच्या पाडावाचं चित्र घ्या. लढाई फेब्रुवारी १७५६ ची, त्या वेळी किल्ला तुळाजी आंग्र्यांचा, आणि कौतुक सगळं अॅडमिरल वॉटसनच्या ताफ्याचं. माझं मत विचाराल तर आज काढायच्या चित्रात डोळा गलबतावर ठेवावा, आणि तोही पिछाडीला, नाव हाकणाऱ्या तांडेलाच्या खांद्यापाशी.

म्हणजे नजर पाण्यापासून साधारण ३ मीटरवर आणि दिशा पश्चिम. या दोन गोष्टी ठरल्या की अर्धं रेखाटन आपोआप ठरतं. समुद्रावर यथादर्शनाचा (पर्स्पेक्टिव्हचा) एक सोपा नियम आहे: क्षितिजरेषा प्रत्येक जहाजाला तुमच्या डोळ्याच्या उंचीवरच कापते. डोळा ३ मीटरवर असेल तर जवळचं गलबत असो की लांबचं जहाज, पाण्यापासून ३ मीटर वरचा बिंदू क्षितिजावरच येणार. त्यातून मोजपट्टी मिळते. कॅनव्हासवर एखाद्या जहाजाची पाणरेषा क्षितिजाच्या २ सेंटिमीटर खाली असेल, तर तिथे २ सेंटिमीटर म्हणजे ३ मीटर. मग १८ मीटरची डोलकाठी १२ सेंटिमीटर. ताफ्यातली प्रत्येक नाव अशी मोजून घ्या. हौशी चित्रांत मागची जहाजं क्षितिजावर खेळण्यासारखी ठेवलेली दिसतात, ती याच कारणानं.

३ मीटर उंचीवरून क्षितिज सुमारे ६ किलोमीटरवर असतं. खांदेरी त्याच्या आत येते, तेव्हा बेट पायथ्यासकट दिसेल.

नजर खाली असली की जहाजं एकमेकांना झाकतात, पसारा दिसत नाही. पसारा हवाच असेल तर डोळा वर न्या. एदुआर माने या फ्रेंच चित्रकारानं १८६४ मध्ये शेरबूरजवळच्या ‘किअरसार्ज’ आणि ‘अलाबामा’ या अमेरिकी यादवी युद्धातल्या जहाजांच्या झुंजीचं चित्र करताना क्षितिज जवळजवळ वरच्या कडेला नेलं. चित्राचा बहुतांश भाग नुसतं हिरवट पाणी, लढाई लांब, वर, एका बाजूला. ते धाडस मला फार आवडतं, पण चाळीस-पन्नास नावांच्या गर्दीला तो मार्ग झेपणार नाही.

गुराब, गलबत आणि नसलेलं दीपगृह

गुराबेचं सविस्तर वर्णन अठराव्या शतकातल्या रॉबर्ट ऑर्म यांच्या लेखनात मिळतं. बहुतेक गुराबांना दोन डोलकाठ्या, काहींना तीन. तीन डोलकाठ्यांची सुमारे ३०० टनांची, दोनची १५० टनांच्या आतली. लांबीच्या मानानं रुंद, पाण्यात फार न बुडणारी, मधून पुढे निमुळती होत गेलेली. पुढे इंग्रजी जहाजासारखं गोल नाक नसून बाहेर झेपावलेली लांब नाळ, आणि तिला कठडा नाही, म्हणजे डोलताना वर आलेलं पाणी वाहून जावं. या नाळेच्या मागच्या भिंतीला भोकं पाडून दोन तोफा नाळेवरून पुढे रोखलेल्या. रेखाटताना ही पुढची जोडी विसरू नका, तिच्यावरच आपल्या चित्राचा डोलारा उभा आहे. ऑर्म यांचं वर्णन आंग्र्यांच्या काळातलं आहे. १६७९ साठी दोन डोलकाठ्यांची लहान गुराब धरणं सुरक्षित.

गलबत म्हणजे तीच घडण लहान आकारात, मोठ्यात मोठं ७० टनांच्या आसपास. पुढच्या मुख्य डोलकाठीला एकच भलंमोठं त्रिकोणी शीड, ज्याचं टोक काठीच्याही वर जातं. मागची काठी बारीक. चाळीस-पन्नास वल्ही. वारा पडला की गलबतं गुराबांना ओढून नेत. आपल्या चित्रात वारा पाठीमागून आहे, म्हणून परबाण (शीड बांधलेला वासा) आणि शीड एका बाजूला पूर्ण बाहेर काढलेलं दाखवा.

धड रेखाटताना आधी पाण्यावर आडवी पेटी काढा, तिचा मध्य शोधा, मग दोन्ही टोकांकडे वक्र न्या. थेट बाह्यरेषा काढली तर धड पिळवटल्यासारखं होतं.

थळच्या किनाऱ्यावर एकदा पहाटे जाऊन पाण्याचे आणि बेटाचे फोटो जरूर काढा. कोळ्यांच्या होड्यांना आता इंजिनं असली तरी नाळेची ऐट आणि धडाचा डौल अभ्यासायला त्या उत्तम. मात्र फोटो जसाच्या तसा उतरवायचा नाही. खांदेरीवरचं दीपगृह १८६७ चं आहे, ते गाळा. तट त्या दिवशी अर्धवट होता: दगडांच्या राशी, बांधकाम, माणसं. उंदेरीवर तर सिद्दीनं १६८० मध्ये पाऊल ठेवलं, तेव्हा ती बोडकीच ठेवा.

टेबलावरची लढाई

पुठ्ठ्याच्या किंवा मातीच्या दहा-बारा नावा करा. सुबक असायची गरज नाही, धड आणि काठ्या पुरेत. टेबलावर निळसर कागद अंथरा, नकाशाप्रमाणे नावा मांडा, सूर्याच्या जागी टेबललॅम्प ठेवा, आणि मोबाइल टेबलाला टेकवून फोटो घ्या. नावा हलवत राहा. तीस-चाळीस फोटोंत दोन-तीन मांडण्या आपोआप वेगळ्या उठून दिसतील.

मी मांडणी अशी करीन: अगदी पुढे, डाव्या कोपऱ्यात कापलेलं आपलं गलबत, फक्त पिछाडी, सुकाणू आणि वल्हेकरी. मधल्या पट्ट्यात आपल्याकडे पाठ करून निघालेल्या पाच-सहा नावा, सारख्या अंतरावर मुळीच नकोत. उजवीकडे डोव्हर. रिव्हेंज मध्यापासून जरा डावीकडे, तिच्या भोवती पाण्याची रिकामी जागा. एकटेपणा त्या रिकाम्या जागेतून येतो, तिथे एकही होडी घुसवू नका. बाकीच्या नावांचे शेंडे पुरेत. आडवा कॅनव्हास घ्या, उंचीच्या दुप्पट रुंद.

रेषा आधी, रंग मग

डच चित्रकार विलेम फान डी फेल्डे (थोरला) होडीतून प्रत्यक्ष लढाईत जाऊन रेखाटनं करत असे. १६६६ च्या चार दिवसांच्या लढाईतही तो होता, आणि रेखाटनात स्वतःची होडीसुद्धा काढून ठेवत असे. पुढे बापलेक इंग्लंडला गेले. १६७४ मध्ये दुसऱ्या चार्ल्सनं दोघांना वर्षाला शंभर-शंभर पौंड लावून दिले: बापानं लढायांची रेखाटनं करायची, मुलानं त्यांत रंग भरायचे. ज्या राजाविरुद्ध लढणारं आरमार काढलं त्याच्याच पदरी राहिले, हा भाग वेगळा.

आपण दोन्ही कामं एकट्यानं करायची, पण क्रम तोच. चारकोलनं पूर्ण रेखाटन, मग रॉ अंबर पातळ करून छटांचा थर: फक्त तीन छटा, गडद, मध्यम, उजळ. सूर्य आपल्या पाठीशी असल्यामुळे समोरची शिडं उजळ, पश्चिमेचं आकाश त्यांच्यापेक्षा गडद निळं-जांभळं, आणि पुढचं गलबत मध्यम. या थराचा फोटो मोबाइलवर कृष्णधवल करून पाहा. रिव्हेंज लगेच सापडत नसेल तर रंग भरून ती सापडणार नाही.

धूर

इथे घाई करू नका. काळ्या दारूचा धूर आजच्या स्फोटकांसारखा नसतो. ती जळते तेव्हा निम्म्याहून अधिक वजन घन कणांच्या रूपात उरतं, म्हणून धूर दाट, पांढुरका आणि जड दिसतो. तोफेतून तो आधी दिशेनं सुसाट बाहेर पडतो, मग फुगतो, मग वाऱ्याच्या ताब्यात जातो. या तीन अवस्था चित्रात वेगवेगळ्या तोफांवर दाखवल्या की गोळीबार सलग चालला आहे असं वाटतं. सगळ्या तोफा एकाच क्षणी भडकलेल्या दाखवल्या तर ती आतषबाजी होते. जाळाची जीभ दिवसाउजेडी क्षणभरच दिसते, साऱ्या चित्रात दोन ठिकाणी पुरे.

आता बाणाकडे पाहा. आपल्या तोफा नाळेवर, वारा पाठीमागून. म्हणजे आपलाच धूर आपल्या पुढे, शत्रूच्या दिशेनं चालला आहे. तांडेलाला रिव्हेंजचं धड नीट दिसतच नाही. धूर पाण्यालगत दाट आणि वर विरळ, त्यामुळे तिच्या डोलकाठ्या, अर्धवट सुटलेली शिडं आणि निशाण तेवढं धुरावर तरंगतं. कुठलीही नाट्यमय युक्ती न योजता चित्राचा गाभा हातात आला. रिव्हेंजच्या तोफांचा धूर उलट तिच्याच अंगावर परततो, आणि तो दुसरा पांढरा पट्टा तिला आणखी गिळतो.

रंगवताना शुद्ध पांढरा वापरू नका. उजळ बाजूला पांढऱ्यात थोडं यलो ऑकर आणि चिमूटभर लाल, सावलीत अल्ट्रामरीन आणि बर्न्ट सिएना यांचा करडा. आधी सपाट आकार, मग वाऱ्याकडची कड जरा ठाम, दुसरी कड कोरड्या मऊ ब्रशनं विरघळवलेली. सरावाला खिडकी बंद करून उदबत्ती लावा आणि टेबलफॅन लांबून मंद चालवा. धूर किती लवकर आडवा होतो ते दिसेल. आणि गुपित म्हणून सांगतो, ज्या दोरखंडाची किंवा सांध्याची खात्री नाही तो धुरात घालवा. मोठमोठ्यांनी हेच केलं असणार अशी मला दाट शंका आहे.

जळणाऱ्या जहाजाचा धूर वेगळा, डांबर आणि लाकडाचा, काळा-तपकिरी. त्याचा अभ्यास म्हणून १७७२ मध्ये रशियाच्या काउंट ऑर्लोव्हनं लिव्होर्नोसमोर एक खरं फ्रिगेट (लढाऊ जहाज) उडवून दिलं, कारण हाकर्ट या चित्रकारानं काढलेल्या रशिया-तुर्कस्तानमधल्या चेस्मेच्या लढाईतला स्फोट त्याला पटला नव्हता. आपल्या दृश्यात आग नाही, खर्च वाचला.

पाणी

या लढाईत वादळी लाटा काढणं म्हणजे वल्ह्यांच्या नावा पावसाळ्यात बाहेर काढणं. जमिनीकडून वारा असला की किनाऱ्याजवळचं पाणी बरंचसं सपाट असतं. पश्चिमेकडून येणारी लांब, संथ लाट, आणि तिच्यावर उलट दिशेनं मतलईच्या बारीक सुरकुत्या, एवढंच. रंगही नीळ ओतल्यासारखा नको. पावसानंतर थळसमोरचं पाणी गढूळ हिरवट असतं: व्हिरिडियन, रॉ अंबर, थोडं ऑकर. गोळा पडतो तिथे पाण्याचा उंच, बारीक खांब उडतो. असे दोन-तीन खांब रिव्हेंजच्या अलीकडे, एक पलीकडे.

माणसं, निशाणं आणि शेवटची तपासणी

बसून वल्हं ओढणाऱ्याची पाठ नाळेकडे असते. म्हणजे आपल्या गलबतावरचे वल्हेकरी शत्रूकडे पाठ करून बसले आहेत, आणि त्यांचे चेहरे आपल्याकडे आहेत, त्यांवर उगवतीचा उजेड. ज्यांना लढाई दिसत नाही अशा माणसांचे चेहरे! सगळ्या बारकाव्यांचा खर्च इथे करा, बाकीची माणसं दोन फटकाऱ्यांत उरका.

इंग्रजांच्या ईस्ट इंडिया कंपनीचं निशाण तेव्हा लाल-पांढऱ्या आडव्या पट्ट्यांचं होतं, कोपऱ्यात पांढऱ्यावर लाल क्रॉस. आज आपण ओळखतो तो तिरप्या लाल पट्ट्यांचा युनियन जॅक १८०१ चा. शिडं सुती, कोऱ्या मांजरपाटाच्या रंगाची, ठिगळं लावलेली.

चित्र वाळण्याआधी ते एखाद्या चित्रकाराला नव्हे, शिडाच्या होडीवर काम केलेल्या तांडेलाला दाखवा. असा माणूस रंगांकडे बघत नाही, दोर कुठून कुठे गेला आहे ते बघतो. तो म्हणाला, ‘हे शीड असं राहणारच नाही,’ तर वाद न घालता पॅलेट नाइफ घ्या. आणि कॅनव्हासच्या मागे दोन ओळी लिहून ठेवा: दोन्ही दिनदर्शिकांतली तारीख, डोळ्याची जागा, आणि वारा हा हंगामावरून धरलेला आहे, नोंदीतून घेतलेला नाही.